मॅडमच्या मागचे आवाज

१

आमच्या घरात फोनवर बोलायचं तर माडीवर जावं लागतं. बेळगावच्या शहापुरातला आमचा बोळ अरुंद. भिंतीला भिंत लागून घरं, आणि निम्म्या घरांत विजेवर चालणारे माग. दारातून आत आलं की पहिली खोली मागाची, तिच्या मागं स्वयंपाकघर, आणि तिथल्या कोपऱ्यातनं वर जाणारा लाकडी जिना. माडीवर सुताच्या कांड्यांची पोती, एक खुर्ची आणि मी.

बी.कॉम. झाल्यापासून मी त्या खुर्चीवर बसून नोकरी शोधत होते. म्हणजे फोनवर, साइटवर. आधी सगळा बायोडेटा चढवायचा, मग तोच बायोडेटा पुन्हा एकेका चौकोनात टाइप करायचा, आणि शेवटचं बटण दाबलं की 'सेशन संपले' म्हणून परत पहिल्या पानावर. गावांच्या यादीत बेळगाव वेगळं आणि बेळगावी वेगळं. बेळगावात शोधलं तर कधीच भरून गेलेल्या जागा. बेळगावीत शोधलं तर 'कन्नड लिहिता-वाचता येणे आवश्यक'. माझं कन्नड बाजारापुरतं. रोज सकाळी 'खास तुमच्यासाठी' म्हणून साइट काहीतरी धाडायची. हुबळीत क्रेन चालवायची जागा. निपाणीत तंबाखूच्या वखारीवर सुपरवायझर, फक्त पुरुष. ज्या कापडदुकानानं मला तोंडावर नाही म्हटलं होतं, त्याचीच जाहिरात 'तुमची निवड होण्याची दाट शक्यता' असं लिहून आठवडाभर सगळ्यात वर होती.

"त्यात बगून नोकऱ्या मिळत्यात व्हय गं?" आई विचारायची.

"आता असंच असतंय, आई."

"असंल बाई."

आप्पा काही विचारायचे नाहीत. फक्त एकदा, गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसत म्हणाले होते, "कायबी कर. पर ह्या मागावर माझ्यामागनं कुणी उभारायचं न्हाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दिवसापासून मी साइट दिवसातनं दोनदा उघडायला लागले.

२

फोन आला तो एका दुपारी. मी कुठल्या जागेला अर्ज केलेला हेही मला आठवेना. इतके केले होते. बाईंचा आवाज होता, वयानं मोठा, स्वच्छ, अगदी टापटीप मराठी. त्यांनी आपलं नाव सांगितलं ते मागांच्या खडखडाटात मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायला मी लाजले. म्हणून त्या माझ्यासाठी शेवटपर्यंत नुसत्या मॅडमच राहिल्या.

कंपनी पुण्याची. गिऱ्हाइकं महाराष्ट्रातली. काम फोनवर बोलायचं.

"कन्नड?" मीच विचारलं.

"गरज नाही. तुमचं मराठी चांगलं आहे."

मला हे कुणी म्हटल्याला जमाना झाला होता. मी खुर्चीत ताठ बसले. त्यांनी शिक्षण विचारलं, घरात कोण कोण आहे ते विचारलं, नेट कसं चालतं ते विचारलं. बोलताना त्यांच्या मागं सारखी खडखड चालली होती.

"मॅडम, तुमच्या तिथं पण माग आहेत का?"

"सॉरी?"

"आवाज येतोय मागं."

"इथे शांत आहे. तुमच्याकडचा असेल."

पटण्यासारखं होतं. तेवढ्यात फोनमध्ये, त्या खडखडीच्या मागं, लांबून कुणीतरी ओरडलं, "ए द-ही! मोसर!"

मी हसले. आमच्या बोळात भरमू गवळी असाच मराठीत दही, कन्नडात मोसर, असा दोन्ही भाषांत ओरडत येतो. पुण्यातही असाच कुणी असेल, पण तो मोसर कशाला म्हणेल, असा विचार माझ्या मनात पुरता व्हायच्या आतच खिडकीखालून, खऱ्या बोळातून, भरमूचा आवाज आला.

"ए द-ही! मोसर!"

तोच सूर. 'मोसर'च्या शेवटी तीच खाकरी.

३

त्या रात्री मी ते विसरलेही असते. नेट मागंपुढं होतं, आवाज घुमतो, फोन जुना. पण दोन दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन आला, 'दुसरी फेरी' म्हणून, आणि या वेळी मी कान देऊन बसले होते. नोकरीसाठी तर होतेच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्या मागच्या आवाजांसाठी.

मॅडम विचारत होत्या, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलाल. मी उत्तर देत होते. त्यांच्या मागची खडखड मला तोंडपाठ असल्यासारखी वाटायला लागली. आप्पांच्या एका मागाचा ठोका जरा लंगडतो, तो लंगडा ठोकाही त्यात होता. आणि एकाएकी ती खडखड बंद पडली. सगळी. फोनमध्ये नुसती शांतता, आणि त्या शांततेत बाईमाणसाचा आवाज, "गेली बगा लाइट."

माझ्या पायाखाली आमचे माग चालूच होते. मी खुर्चीला धरून वाट बघत राहिले. मॅडमचं एक वाक्य झालं, दुसरं झालं. मग आमचा बोळ गप्प झाला. क्षणभरानं आई खालून म्हणाली,

"गेली बगा लाइट."

"मिस ऋतिका, ऐकताय ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम," मी म्हणाले. मला भीती वाटली का? वाटली असावी. पण लहानपणी विहिरीत वाकून एकदा हाक मारली की पुन्हा मारावीशी वाटायची, तसं झालं. मला पुन्हा ऐकायचं होतं.

४

दिपाली माझी कॉलेजातली मैत्रीण, येळ्ळूरची. घरची शेती, आणि ती स्वतः उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इको येत असंल गं."

"इको मागनं येतो, दिपे. आधी न्हाय."

तिला ते पटलं. मग म्हणाली, "पुढचा फोन आमच्या घरात घे. तुझ्या घरातलंच कायतरी असंल तर कळंल."

तसंच केलं. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी येळ्ळूरला गेले. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो; कोनाड्यात शिवाजी महाराजांची तसबीर, खिडकीतनं राजहंसगडाचा डोंगर. माग तिथं नाहीत. आत स्वयंपाकघरात तिची आई, यशोदाबाई, आमच्यासाठी भात लावत होती. फोन वाजला तसा मी इअरफोनचा एक बोंडा स्वतःच्या कानात घातला आणि दुसरा दिपालीच्या.

मॅडमच्या मागं आज खडखड नव्हती. कोंबडं ओरडत होतं. लांब ट्रॅक्टर चालला होता. मग कुकरची शिट्टी झाली, आणि एक बाई म्हणाली, "दिपे, ताटं घे गं."

दिपाली उठायलाच लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मॅडम माझ्या आवडीनिवडी विचारत होत्या, मी वाचन म्हणाले, स्वयंपाक म्हणाले. बराच वेळ गेला. पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त. मग आतून कुकरची शिट्टी झाली.

"दिपे, ताटं घे गं," यशोदाबाईंनी हाक मारली.

दिपालीनं कानातला बोंडा काढून सतरंजीवर ठेवला, जिवंत काहीतरी ठेवावं तसा हळूच. जेवण झालं. मला स्टॉपवर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "नको घेऊ गं हा जॉब."

"आधी मिळू दे तरी."

"तुला जॉब पायजे का ते ऐकायला पायजे?"

बस आली.

५

पुढची फेरी सकाळची होती. माग चालू होते, आई खाली तांदूळ निवडत होती. मी माडीवर खुर्ची खिडकीशी ओढली आणि हातात पेन घेतलं, इंटरव्ह्यूत वही-पेन जवळ ठेवावं म्हणतात म्हणून.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मॅडमनी विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं होतं. मी सुरुवात केली, "मॅडम, पाच वर्षांनी मी..." आणि फोनमध्ये काहीतरी सुटलं. टण्ण असा आवाज, धातूवर धातू आपटल्यासारखा. लंगडा ठोका अर्ध्यावर थांबला. आणि आई किंचाळली, "अहो!"

माझ्या पायाखाली लंगडा ठोका शांतपणे चालू होता.

"पाच वर्षांनी तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. फोन खुर्चीवर टाकून मी जिना उतरले. उतरले कसली, शेवटच्या पायऱ्या नुसती घसरले. आई तांदळाचं सूप घेऊन वर बघायला लागली. मी तिला ओलांडून मागाच्या खोलीत शिरले. आप्पा तुटलेला दोरा जोडायला मागावर वाकलेले होते. मी मागून त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना ओढलं, दोन्ही हातांनी, गोणी ओढावी तसं. आम्ही दोघं भिंतीशी पडलो.

दोरा इकडून तिकडं नेणारा धोटा सुटला. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण असलेला तो धोटा मागातनं उडाला आणि समोरच्या लोखंडी कपाटावर आदळला. टण्ण. माग थांबला. दारात आई उभी होती.

"अहो!" ती किंचाळली.

आप्पांनी उठून धोटा उचलला, त्याचं टोक बोटानं चाचपलं, कपाटाला पडलेला खळगा बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

"तुला वर कसं कळलं गं?"

"आवाज आला," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस मी एकाच गोष्टीवर विचार करत राहिले. फोनमध्ये मी धोटा ऐकला, थांबलेला माग ऐकला, आईचं किंचाळणं ऐकलं. खालीही तेच आणि तेवढंच झालं. मग मी जे ऐकलं ते आप्पा वाचल्याचं होतं, की वाचले नसते त्याचं? आवाज दोन्हींचा सारखाच असणार. मी पळत खाली आले हेही त्या आवाजांत आधीपासून होतं का? माझी पावलं मी फोनमध्ये ऐकली होती का? खूप आठवून बघितलं. आठवत नाही.

६

असा अर्ध्यात सोडलेला इंटरव्ह्यू कोण पास करतं? पण साइटवर दुसऱ्याच दिवशी हिरव्या अक्षरांत आलं: अभिनंदन, आपली अंतिम फेरीसाठी निवड झाली आहे.

"पळून गेलीस तरी सिलेक्ट?" दिपाली फोनवर म्हणाली. "म्हंजे कंपनीच बोगस. ऋते, ब्लॉक कर तो नंबर."

नंबर ब्लॉक करायला मी गेले तर कॉलच्या यादीत तो दिसेना. साइटवर कंपनीचं पान उघडलं तर 'तांत्रिक अडचण, थोड्या वेळाने प्रयत्न करा'. मदतकक्षाला लिहिलं, तर तिकडून यंत्राचं उत्तर आलं की आपला अनुभव कसा वाटला, ते पाचपैकी चांदण्या देऊन कळवा.

आईनं मात्र ती हिरवी अक्षरं बघून देवापुढं साखर ठेवली. "शेवटची फेरी हाय म्हणं," ती शेजारच्या शालूबाईंना सांगत होती. धोटा उडाल्यापासून आप्पा एकच माग चालवत होते, तोही जपून. ते मला म्हणाले, "पुण्याला जावं लागलं तर जा. आमची काळजी करायची न्हाय." आणि मग उगाचच दुसऱ्या मागाला तेल घालत बसले.

मी तो फोन घेणार आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं.

७

टळटळीत दुपार होती. खाली माग चालू होता. आप्पा ठोक्यावर काहीतरी गुणगुणत होते. फोन वाजला.

मॅडमच्या मागं या वेळी काहीच नव्हतं. लाइट गेली असेल, असं मला आधी वाटलं. पण मग लांबून टीव्ही ऐकू यायला लागला, आणि बोळातून काहीतरी वाहन गेलं. त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, सुईसारखा बारीक. लाइट होती, फक्त माग नव्हते. एकाही घरात नव्हते.

"आज एकच प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "बाहेरगावी राहायला जाण्याची तयारी आहे का?"

त्यांच्या मागं कुणीतरी खोकलं. ती खोकण्याची तऱ्हा आप्पांची होती. पण खोकला पातळ, म्हाताऱ्या माणसाचा.

"ऋतिका आली काय गं?"

"न्हाय." हा आईचा आवाज. थकलेला.

"आज येते म्हणालती."

"कवा म्हणालती? यायची न्हाय ती आता. किती बारी सांगू तुमास्नी?"

एका कानात ते, आणि दुसऱ्या कानात खालचा माग, आप्पांचं गुणगुणणं. मी खिडकीची कड धरली.

"मिस ऋतिका? तयारी आहे का?"

"मॅडम, तुम्ही कुठनं बोलताय?"

त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजातली टापटीप थोडी उसवली होती. "ते नंतर. आधी सांग."

पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं करत होत्या.

तेवढ्यात फोनमध्ये कडी वाजली. आमच्या दाराची कडी दोनदा वाजते, काढताना एकदा आणि सुटून फळीवर आपटताना एकदा. आप्पांचा म्हातारा आवाज उजळला. "आलीस व्हय गं?"

कुणी उत्तर दिलं नाही. पावलं मागाच्या खोलीतनं आली, सावकाश. स्वयंपाकघरातनं आली. मग जिन्याची पायरी करकरली. मॅडमचा श्वास थांबला होता. माझ्यासारख्याच त्याही ऐकत होत्या. म्हणजे जिना त्यांच्याही पायाशी होता. पावलं एकेक पायरी चढत होती, आणि फोनमध्ये ती मोठी मोठी होत चालली होती.

"नाही," मी म्हणाले. "माझी तयारी नाही."

पावलं थांबली. फोन बंद झाला की मी केला, सांगता येणार नाही. मी मान वळवून आमच्या जिन्याकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. खाली माग चालू होता.

संध्याकाळी साइटवर आलं: ही जागा भरली आहे.

८

मी साइट काढून टाकली. दिपालीच्या ओळखीनं येळ्ळूरच्या एका पतसंस्थेत काम मिळालं, पावत्या लिहायचं आणि लोकांशी बोलायचं. मॅनेजर नागराज सर कन्नडच बोलतात. मीही आता मोडकंतोडकं बोलते, ते हसतात आणि शिकवतात. संध्याकाळी घरी येते. आप्पा दाराकडं पाठ करून काम करत असतात. कडी वाजली की मागं न बघता विचारतात, "आलीस व्हय गं?" मी दर वेळी मोठ्यानं उत्तर देते. आई म्हणते, बहिऱ्याशी बोलल्यासारखं कशाला ओरडतीस?

गेल्या रविवारी मी दिवसभर घरीच होते. दुपार कलली होती, लाइट गेली होती, बोळ गप्प होता. मी माडीवर कपड्यांच्या घड्या घालत होते. खाली कडी वाजली. दोनदा.

आई असेल, मी मनाशी म्हटलं. पण आई स्वयंपाकघरात होती; भांड्यांचा आवाज येत होता.

"आलीस व्हय गं?" आप्पा म्हणाले.

कुणी बोललं नाही. उंबऱ्याच्या आत एक पाऊल पडलं. मग दुसरं.

"आले, आप्पा!" मी वरनं ओरडले. "मी कवाच आलीय! वर हाय मी!"

पावलं थांबली. खालून आप्पांचा आवाज आला, जरा गोंधळलेला.

"आगं, मग ही कोण?"

मी खाली पोचेपर्यंत दार सताड उघडं होतं. बोळाच्या वळणावर साडीचा काठ तेवढा दिसला, करडा, आणि मग तोही नाही. आप्पा उंबऱ्यात उभे होते.

"कोण होती?"

"कोण की," ते म्हणाले. "तुझ्या आईपेक्षाबी वयानं मोठी. बोलली कायच न्हाय. माझ्याकडं नुसती बगत उभारली. डोळं भरल्यालं तिचं." बोळाकडं बघत म्हणाले, "वळखीची वाटली गं. उभारायची ढब तुझ्यागतच."

आई ओल्या हातानं बाहेर आली. "काय झालं?"

मी दार ओढलं आणि कडीला हात घातला.

"कडी नको घालू," आप्पा म्हणाले. "बिचारी परत आली तर?"

मी हात कडीवर तसाच ठेवून उभी राहिले.